दात घासायचं कालिज

व्हय, सोडली मी मिश्री. त्येची गावाला लय पंचाईत पडलीया. आडावर गेलं तर इचारत्यात, देवळात गेलं तर इचारत्यात, बनुबाईनं मिश्री सोडली म्हंजी शपत घातली का कुनी, का डाक्टरनं भ्या घातलं. म्या कुनाला दाद दिली न्हाई. तू शेजारीन हाईस तानुबाई, तुजं-माजं भांडान बी हुतं आनि पीठ-मीठ बी हुतं, म्हनून तुला सांगती. पन मधी बोलायचं न्हाई. एकदा थांबले तर पुन्ना सांगायचा धीर हुनार न्हाई मला.

तुला निम्मं ठावं हाय, तरी पयल्यापास्नं सांगती. माजा धाकटा दीर सयाजी मिल्ट्रीत हुता, तिकडंच गेला. त्येची बायकू राही आनि लेक मालन आमच्यातच ऱ्हायल्या. ऱ्हायल्या म्हंजी काय, राहीनं चूल धरली, दोन म्हशी धरल्या, रानातली भांगलन धरली. आनि बोलायचं काम म्या धरलं. मी थोरली. दोन जावांनी मिळून घरात जेवडं बोलायचं आसतं तेवडं मी एकटीच बोलायची, राहीला त्यातलं काय उरायचंच न्हाई. "आक्का म्हनतील तसं," एवडंच तिचं बोलनं.

मालन मॅट्रिक झाली आनि मिल्ट्रीवाल्याची पोर म्हनून तिला सांगलीला दाताच्या कालिजात घेतलं. दुष्काळ सरला त्येच्या फुडच्या सालची गोष्ट. डाक्टर न्हाई हुयाचं. डाक्टरच्या हाताखाली लोकांचं दात साफ करायचं, आनि ते कसं राखायचं ते सांगायचं. त्येला विंग्रजीत हायजिनिस म्हनत्यात. गाव हसून बेजार झालं. आमचा चुलतदीर गुंडा पारावर बसून म्हनायचा, "हाय-जीन? जीन हाय, पन घोडं कुटं हाय गड्या?" आनि मी काय कमी व्हय. मी मालनच्या तोंडावर म्हनले, दात घासायला शिकायला कालिज कशाला पायजे, गावातली राखुंडी काय संपली व्हय? आनि दात कोरून कुटं पोट भरतंय? पोरगी ऐकून घ्यायची. आईवर गेलीया.

दोन वर्सं सांगलीला ऱ्हाऊन तिचं बोलनं बदललं. 'हाय'चं 'आहे' झालं, 'न्हाई'चं 'नाही' झालं. मी वेडावून दाखवायची. त्येलाबी ती हसायची.

परीक्षेच्या आदी ती घरला आली तवा तिनं सगळं उकलून सांगितलं. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात एक जागा निगाली हुती, शाळंतल्या पोरांचं दात बगायची. ऱ्हायला खोली. ह्या परीक्षेत पास झाली तर जागा तिची, न्हाई झाली तर दुसरी कुनीतरी टपून बसलीच हुती. आनि खोली मिळाली की ती आईला घिऊन जानार हुती, कायमची. आमच्या मालकांनी तंबाकू मळत ऐकून घेतलं आनि म्हनले, "पास झालीस तर मायलेकी दोगी जावा साताऱ्याला. नापास झालीस तर गप घरला ये. पुन्ना सांगलीचं नाव काडायचं न्हाई." मालकांचा शबुद तुला ठावं हाय. एकदा बोलले की पाटलानं सांगितलं तरी माघारी घेत न्हाईत.

राही भाकरी थापत ऐकत हुती. तिचा हात थांबला न्हाई, पन तिचं डोळं म्या बगितलं. सयाजी सुट्टीवर यायचा तवा ती तशी बगायची. मला राग आला. राही गेली तर म्हशी कोन पिळनार, चूल कोन बगनार? म्या काय ह्या वयात पुन्ना नव्या नवरीगत राबायचं?

आता ह्या परीक्षेची तऱ्हा ऐक. प्रत्येक पोरीनं आपला आपला पेशंट घिऊन जायचा, आनि पुन्याहून आलेल्या डाक्टराफुडं त्येचं दात साफ करून दाखवायचं. घरचा चालंल, दारचा चालंल, पन दातावर कीटन पायजे. मालननं पिशवीतनं काडीला लावलेला गोल आरसा काडला आनि आदी माज्याकडंच आली. "मोठे आई, तोंड उघड बघू." मी म्हनले, "मी काय बाजारातली म्हस हाय व्हय, दात बगून घ्यायला? हो तिकडं." ती सरकली. मग राहीनं तोंड उघडलं.

आत बगून पोरगी हारकली. "आई, अगं, असंच पाहिजे होतं. काय कीटण बसलंय. दुसऱ्या कुणाकडं असलं मिळायचं नाही." आईच्या गळ्यातली ठुशी बगून म्हनावं तशी म्हनत हुती. राहीनं तोंडावर पदर घेतला आनि कानापतुर लाल झाली. आदीच ती पदराशिवाय हसायची न्हाई. सांगलीला माघारी जाताना मालन यष्टीत चढली, आनि खिडकीतनं एवडंच बोलली, "आई, परीक्षेला तूच चल. आहे तशी ये."

आहे तशी ये. ह्या बोलन्यानं घात केला बग.

आता तूच सांग. पाव्हना लग्नाचं बोलावनं करायला येतो तवा काय म्हनतो? "आहेर-बिहेर काय नगो, हाय तसं या." म्हनून कोन हात हलवत जातं व्हय? उलट तसं म्हनलं की आपन एकादं लुगडं जास्तीच नेतो. तालुक्याचा सायेब येनार, "काय करू नका" म्हनला, की गाव झाडून सारवून रांगोळ्या काडतो आपन. बोलनाऱ्यानं तसं बोलायचं आसतं आनि ऐकनाऱ्यानं समजून घ्यायचं आसतं. मग मालन आईला "आहे तशी ये" म्हनली, तर आमी काय समजायचं? आईचं मन राखायला म्हनली, असंच मी समजले. राही बी तसंच समजली.

आनि माजं तोंड लगीच सुरू. त्या दिशी सोप्यात शेंगा फोडायला बायका बसल्या हुत्या, शालूबाई हुती, जोतिबाची सून हुती. त्यांच्या म्होरं मी म्हनले, "राहे, असलं काळं तोंड घिऊन जानार हाईस व्हय सांगलीला? कालिजातल्या पोरी नाकाला रुमाल लावतील. म्हनतील, हिच्या घरात कुनाला दात घासायचं कळत न्हाई आनि ही दुनियेचं घासायला निगाली." बायका हसल्या. राही बी हसली, पदरातनं. मग उटून आत गेली. मी पानी प्यायला गेले तर ती कपाटाच्या आरशाफुडं हुबी, ओठ वर करून बगत हुती. मला बगून तिनं ओठ मिटलं.

पन माज्या मनात काय वंगाळ न्हवतं गं. राग आसला तरी घरची अब्रू ती घरची अब्रू. आपलंच दात नि आपलंच ओठ. म्याच तिला बाजाराच्या दिशी तासगावला घिऊन गेले. स्टँडाच्या भितीला एक जन बसतो बग, म्होरं फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग आनि रंगीत पावडरीच्या बाटल्या घिऊन. त्येनं राहीला पोत्यावर बसवलं, लोखंडाच्या आकड्यानं खरवड खरवड खरवडलं, आनि वरनं कापसाच्या बोळ्यानं कसलं तरी धूर निगनारं पानी लावलं. राहीनं माजं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. तोंडातनं रगात आलं. मी त्येला म्हनले, बाबा, लय व्हायलंय. त्यो म्हनला, "मावशी, पांढरं करायचं म्हनल्यावर जरा सोसायला पायजे."

आनि पांढरं झालं की. कवडीवानी. राहीचं दात म्या तवा पयल्यांदा बगितलं. परीक्षेपतुर ती ताकातल्या जोंधळ्याच्या कन्या गिळून ऱ्हायली. हिरडीला काय बी लागलं की डोळ्यात पानी यायचं. पन सांजच्याला दिवा लावला की आरशात बगायची. मला म्हनली, "आक्का, तुमी नेलं म्हनून झालं." मी बी फुगले.

परीक्षेच्या दिशी आमी दोगी सांगलीला गेलो. राही एकटी कवा कुटं गेली न्हाई, आनि मला बी बगायचं हुतं ह्या पोरी करत्यात तरी काय. म्या इरकली नेसली हुती. दवाखान्यात ह्ये मोट्टं दालन, न्हाव्याकडं आसत्यात तसल्या खुर्च्यांची रांग, आनि पांढऱ्या पातळातल्या पोरी. मालन दारातच हुबी हुती. राहीनं तिला बगितलं आनि हसली. पदर न घेता हसली, भर उन्हात, चार मानसात.

मालन बगतच ऱ्हायली. मला आपलं वाटलं, आईचं दात बगून पोरीला भरून आलं. मग ती म्हनली, "आई, हे काय केलंस?" आनि भितीला टेकली.

तवर डाक्टर आलेच. टकलं, जाड चष्मा. संगं ह्या पोरींना शिकवनाऱ्या कस्तुरी मॅडम. डाक्टरांनी राहीला खुर्चीत निजवलं, बत्ती तोंडावर पाडली आनि वाकून बगितलं. मग मालनला इचारलं, "कीटण कुठं आहे?"

मालन वाकून आईच्या हिरड्या बगाय लागली.

"हिरड्या भाजल्यात हिच्या. कुणी केलं हे? घरी हात बसवून पाहिलास का हिच्यावर?"

"नाही सर."

"मग आपोआप झालं? परवानगीशिवाय पेशंटच्या तोंडात हत्यार घातलं तर नाव काढून टाकतात, माहीत आहे ना?"

राही खुर्चीत उटून बसली आनि हात जोडलं. उभ्या जन्मात एकदा बोलायची येळ आली आनि तिच्या तोंडातनं शबुद फुटंना. मग मी फुडं झाले. ते काम माजंच हुतं.

"सायेब, पोरीचा काय बी दोष न्हाई. म्या नेलं हिला बाजारातल्या दातवाल्याकडं. घरला सायेब येनार म्हनलं की आमी सारवून ठेवतो. दाताची परीक्षा म्हनल्यावर दात घासून यायला नगं व्हय? परीक्षेला घान घिऊन यायची आसती, हे आमाला काय ठावं?"

सगळ्या पोरी हसल्या. मॅडम बी हसल्या. मालन हसली न्हाई आनि डाक्टर बी हसलं न्हाईत. चष्मा पुसत म्हनले, "बाई, तुम्ही खरं बोलताय हे दिसतंय. पण माझ्यापुढं पेशंट नाही. या तोंडात साफ करायला काही राहिलं नाही, आणि आज हात लावला तर हिला सोसायचं नाही. दुपारी मी परत येतो. तोवर दुसरा पेशंट मिळाला तर परीक्षा, नाही तर पुढच्या वर्षी." फुडच्या वर्सी कोन साताऱ्याची जागा राखून ठेवतंय. आनि मालकांचा शबुद तर हुताच.

मालन आनि मी बाहीर पळालो. हळदीच्या पेठेत बायका सावलीला बसून हळद निवडत हुत्या. काळ्या दातांना तितं काय तोटा न्हवता. मी पयलीला म्हनले, "बाई, चल की जरा, तुजं दात लय घान हायत, फुकाट साफ करून देत्यात." ती सूप आपटून म्हनली, "माजं दात घान? तू कोन टिकोजीराव लागून गेलीस?" दुसरीनं तर तोंडच फिरवलं. मालन माजा पदर वडत हुती, मोठे आई, असं नको म्हणू, मी बोलते. मी कुटली ऐकती. तिसरी एक म्हातारी हुती. तिच्या म्होरं वाकून मी सांगाय लागले तर तिनं मान बाजूला केली आनि शांतपनी म्हनली, "बाई, जरा लांब हुबी ऱ्हाऊन बोल. आनि दुसरीचं तोंड धुंडत हिंडन्यापरीस तुजंच का न्हेत न्हाईस?"

आजूबाजूच्या हसल्या. मला वाटलं आता मालन हिला चांगली सुनावंल. म्या मालनकडं बगितलं. ती पायाकडं बगत हुती. 'असं काय बोलताय' म्हनून एक शबुद तिनं काडला न्हाई. तवा म्या पदर तोंडावर घेतला.

माघारी आलो आनि वरांड्यातल्या बाकावर बसलो. मालन रडत न्हवती, त्येच मला बगवंना. राहीनं फडकं सोडलं आनि तिला भाकरीचा तुकडा भरवाय लागली. "जाऊ दे, आपल्या नशिबात न्हाई. गावाकडं काय कमी हाय?" अशी समजूत घालत हुती. तिला सोताला पानी बी गिळवत न्हवतं. मला कुनी म्हनलं न्हाई की आक्का, तुमी बसा. एकदा तरी म्हनल्या आसत्या तर म्या धा कारनं सांगितली आसती आनि सुटले आसते. दोगी बी माज्याकडं बगतच न्हवत्या. गप बसले आसते तर पोरगी घरला, राही चुलीपाशी, म्हशी गोठ्यात, सगळं हाय तसं. ते बी मनात आलं माज्या, झाकून ठेवत न्हाई. पन राहीचं ओठ सुजलेलं, आनि ते कुनी सुजवलं? माजी मला लाज वाटली. मी उटले आनि म्हनले, "मालन, चल. मी बसती."

खुर्ची मागं मोडली. बत्ती आली. डाक्टर म्हनले, "तोंड उघडा."

तानुबाई, उघडंना. तू म्हनशील बनुबाईचं तोंड आनि उघडंना? माज्या सासूला हे तोंड मिटवायला जमलं न्हाई, मालकांना जमलं न्हाई, गावच्या पंचांना जमलं न्हाई. आनि तितं दातखीळ बसल्यागत मिटलं. डाक्टर पुन्ना म्हनले, उघडा. पोरी बगाय लागल्या. मग मालन माज्या कानाशी वाकली आनि आपल्या बोलीत म्हनली, "मोठे आई, उघड गं. मी हाय न्हवं."

उघडलं. डाक्टर वाकलं, आनि एक पाऊल मागं सरलं. खिशातनं रुमाल काडून नाकाला लावला. मग परत आलं, आरसा घालून हिकडं तिकडं बगितलं, आनि बाकीच्या पोरींना हाक मारली. "या गं सगळ्या. असं पुन्हा बघायला मिळायचं नाही." समद्या गोळा झाल्या. त्या चांगल्या घरच्या पोरी, कुनी फिदीफिदी हसली न्हाई, पन एकेक वाकायची, श्वास कोंडून बगायची आनि बाजूला हून सोडायची. मला दिसत हुतं सगळं. डोळं मिटलं तर ऐकू येत हुतं. राहीला म्या सोप्यात चार बायकांम्होरं जे म्हनलं हुतं त्येचं अक्षरन अक्षर माज्यावर आलं. लाजंनं मेले मी. धरनीनं पोटात घेतलं आसतं तर बरं झालं आसतं.

मग मालननं हत्यार हातात घेतलं. तिचं तोंड माज्या तोंडापास्नं वीतभर. दुसऱ्या पोरींनी नाकाला रुमाल बांदलं हुतं, हिनं न्हाई. मान बी वळवली न्हाई. दुष्काळात आपन खडी फोडली न्हवं का, तसा आवाज माज्या टाळूत व्हायचा, आनि मिश्रीनं काळं पडलेलं कीटनाचं खडं पांढऱ्या वाटीत पडायचं. दुखायचं. दुखलं की तिला कळायचं, म्हनायची, झालं, आता थोडंच. लाळ गळाली की कापसानं हनुवटी पुसायची. माज्या आईच्या माघारी माजं तोंड कुनी पुसलं न्हवतं. आनि ह्याच पोरीला म्या "दात कोरून पोट भरत न्हाई" म्हनले हुते.

साफ करून झालं, चूळ भरली. मी उटाय लागले तर डाक्टर म्हनले, "बसा. पेशंटला समजावून सांगणं हा परीक्षेचाच भाग आहे." मग मलाच इचारलं, "बाई, तोंडाला वास येतो हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं का?"

"न्हाई," मी म्हनले. खरंच कुनी सांगितलं न्हवतं.

डाक्टर मालनकडं वळलं. "तू हिच्याच घरात राहतेस ना? दोन वर्षं शिकतेस. तुझं पहिलं काम हे होतं. का नाही सांगितलंस?"

मालन हातातला कापूस चुरगाळत हुती. मला वाटलं ती म्हनंल, हिचं तोंड लय फाटकं हाय, भ्याले. तसं म्हनली आसती तर चाललं आसतं मला. पन ती म्हनली, "सांगणार होते, सर. पहिल्या सुट्टीत आले तेव्हाच सांगणार होते. आईनं सांगू दिलं नाही. म्हणाली, घरातल्या थोरल्या बाईचं तोंड आहे, तिला कळलं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. आपण नाक मुठीत धरावं, पण बोलू नये."

दारात राही हुबी हुती. तिनं ऐकलं. मान खाली घातली, जनू तिचाच कायतरी गुना झाला.

तानुबाई, किती वर्सं झाली गं, आमचं मालक माडीवर निजत्यात. उकडतं म्हनून निजत्यात, असं मी गावाला सांगायची. भाचरं कडंवर यायची न्हाईत, तर मी म्हनायची माज्या धाकानं भित्यात. सगळ्या घराला ठावं हुतं. माज्याबिगर सगळ्यांना. आनि राहीनं सगळ्यांच्या तोंडाला कुलूप घातलं हुतं, माजी लाज राखायला. म्या मातूर तिची लाज शेंगांच्या टरफलागत सोप्यात फेकली.

डाक्टर कायबाय लिवत हुतं. जाताना मालनला म्हनले, "पेशंटची लाज राखायची आणि सांगायचंही, हे अजून शिकायचं आहे तुला. हात मात्र चांगला आहे." सांजच्याला कस्तुरी मॅडम बाहीर आल्या आनि मालन पास झाल्याचं सांगितलं. राहीनं लेकीला पोटाशी धरलं. मी बाजूला हुबी ऱ्हायले, फुडं गेले न्हाई. मालकांनी शबुद पाळला. दोगी साताऱ्याला गेल्या आनि म्हशी आता मीच पिळती, ते तू रोज बगतीस.

पन मला सांगायचं हुतं ते यष्टीतलं. मालन मागं ऱ्हायली हुती, राही आनि मी दोगीच माघारी निगालो. राही खिडकीकडं, मी हिकडं, तोंडावर पदर घट्ट धरून, तोंड दुसऱ्या अंगाला करून. तिच्याकडं बगायला मला तोंड कुटं हुतं? कवलापूर मागं पडलं तरी म्या एक शबुद काडला न्हाई. राही दोनदा म्हनली, आक्का, दुखतंय का. मी मान हलवली. शेवटी ऱ्हावलं न्हाई. पदराआडनंच इचारलं, "राहे, खरं सांग. माज्या तोंडाचा वास तुला कवापास्नं येतोया?"

ती माज्याजवळ सरकली. सुजलेल्या ओठांनी बोलता येत न्हवतं तिला धड, तरी बोलली. "न्हाई वो आक्का. मला कुटला वास येतोया. मला कायम सर्दी आसती न्हवं का."

एवडी वर्सं राही माज्या चुलीपाशी ऱ्हायली, तानुबाई. तिला एकदा बी सर्दी झालेली म्या बगितली न्हाई.